महापालिकेनं ठराव केला, आता आपलं काय? धंदा, घर आणि आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा ज्या शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू आहे, त्यांना धरून ही उत्तरं लिहिली आहेत. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा. तिथं फरक पडतो त्या ठिकाणी तसं सांगितलं आहे.

पेपरात "महापालिकेचा निर्णय" अशी बातमी आली. म्हणजे तो लागू झाला का?

बहुतेक वेळा नाही. त्या मथळ्याखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. खात्यानं टिपणी तयार केली, आयुक्तांनी प्रस्ताव स्थायी समितीपुढे ठेवला, समितीनं शिफारस केली, सर्वसाधारण सभेनं ठराव केला, ठराव शासनाकडे मंजुरीला गेला, शासनानं मंजुरी दिली: यांतल्या कुठल्याही पायरीवर बातमी होऊ शकते. तुमच्या खिशाला झळ लागते ती शेवटच्या पायरीनंतर, अंमलबजावणीचा आदेश निघाल्यावर.

सभेच्या कामकाजातले शब्द नीट ऐका. विषय "तहकूब" झाला तर तो पुढच्या सभेत पुन्हा येतो. "दफ्तरी दाखल" म्हणजे गोड शब्दांत बासनात. "उपसूचनेसह", म्हणजे सभेत सुचवलेल्या दुरुस्तीसह, "मंजूर" असेल तर मूळ प्रस्ताव वाचून भागत नाही, कारण अनेकदा सगळा फरक त्या दोन ओळींच्या उपसूचनेतच असतो. आणि "आयत्या वेळचे विषय" या सदराकडे विशेष लक्ष द्या. छापील कार्यपत्रिकेत नसलेला विषय तिथून आत येतो.

करांच्या दरांना मात्र कायद्यानंच तारीख घालून दिली आहे. पुढच्या आर्थिक वर्षाचे दर सभेनं 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात (कलम 99). त्यामुळे जुलैत "करवाढ होणार" अशी बातमी आली, तर ती या वर्षीच्या दराची आहे की फेरमूल्यांकनाची, हे आधी विचारा. दर तोच ठेवून मूल्यांकन वाढवलं, तरी बिल वाढतंच.

सभेनं एकमतानं केलेला ठरावही रद्द होतो?

होतो. कलम 451 खाली राज्य शासन महापालिकेचा ठराव आधी स्थगित आणि मग विखंडित करू शकतं. "विखंडित" हा शब्द दिसला की ठराव संपला असं समजा.

पुण्यातली 40 टक्के सवलत हे याचं चांगलं उदाहरण आहे. मालक स्वतः राहत असेल तर घराचं वार्षिक भाडेमूल्य (वर्षाला मिळू शकेल असं धरलेलं भाडं) 40 टक्क्यांनी कमी धरायचं, असा पुणे महापालिकेचा 1970 पासूनचा ठराव होता. त्यावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, पुढे शासनानं ठराव विखंडित केला आणि लोकांच्या हातात वाढीव बिलं पडली. 2023 मध्ये शासनानंच सवलत पुन्हा सुरू केली, पण ती सगळ्यांना आपोआप मिळाली नाही. ज्यांची सवलत निघाली होती त्यांना पीटी-3 अर्ज, 25 रुपये शुल्क आणि स्वतः राहत असल्याचे पुरावे द्यावे लागले. "सवलत परत आली" हे वाचून जे स्वस्थ बसले, त्यांचं बिल जुन्याच आकड्यानं येत राहिलं. वार्षिक भाडेमूल्य 20,000 असेल, तर दुरुस्तीपोटीची 10 टक्के वजावट धरून सवलतीसह कर 10,800 वर लागतो आणि सवलतीशिवाय 18,000 वर.

नगरसेवक नसताना निर्णय कोण घेतं?

प्रशासक, म्हणजे बहुतेक ठिकाणी आयुक्तच. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार त्याच्याकडे येतात, त्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत 2022 पासून निवडणुका नव्हत्या; 29 महापालिकांसाठी मतदान झालं ते जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळातले ठराव "प्रशासक ठराव" म्हणून नोंदवलेले आहेत आणि ते तितकेच बंधनकारक आहेत. त्या काळातली चर्चा इतिवृत्तात शोधू नका, ती झालेलीच नाही.

माझं छोटं दुकान आहे. मी भरतो त्यांतले नेमके कोणते कर महापालिकेचे?

लोकांना वाटतात त्याहून कमी. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उरलेला एलबीटी आणि मुंबईची जकातही संपली. जुन्या एलबीटीच्या निर्धारणाची नोटीस अजून येते, ती फेकू नका. ती त्या काळातल्या थकबाकीची असते.

व्यवसाय कर राज्याचा आहे आणि तो राज्याच्या जीएसटी विभागाकडे भरायचा असतो. व्यावसायिकाचा स्वतःचा कर वर्षाला 2,500 रुपये आहे आणि घटनेच्या अनुच्छेद 276 नं घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच. नोकर ठेवले असतील तर त्यांच्या पगारातून कापायच्या कराची नोंदणी वेगळी. एकाच नोंदणीवर भागतं या समजुतीत अनेक जण दंड भरतात. अन्नपदार्थांचा परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली येतो आणि तो करही नाही, जागा अधिकृत असल्याचा पुरावाही नाही.

उरलं ते महापालिकेचं: जागेचा मालमत्ता कर, पाणीपट्टी, जाहिरात फलकाचं शुल्क, कचरा उचलण्याचं शुल्क आणि ठरावीक धंद्यांना लागणारा परवाना. पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणं 2022 च्या दुरुस्तीनं सगळ्या दुकानांना बंधनकारक झालं. पाटी बदलायला घेतलीच आहे तर फलकाचं मापही परवानगीशी ताडून बघा. मराठी पाटी लावताना फलक दोन फूट वाढला आणि जाहिरात शुल्काची नोटीस आली, असं होतं.

दुकानाचं बिल घरापेक्षा इतकं जास्त का? ते वाचायचं कसं?

मुंबईत 2010 पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या बाजारभावावर, आहे आणि 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून माफ आहे. बाकी बहुतेक शहरांत भाडेमूल्याची पद्धत आहे. हिशेब असा चालतो. समजा दुकान 20 चौरस मीटरचं आणि त्या भागाचा बिगरनिवासी दर महिन्याला चौरस मीटरमागे 80 रुपये. 20 गुणिले 80 गुणिले 12, म्हणजे वार्षिक भाडेमूल्य 19,200. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, राहिलं 17,280. हे करयोग्य मूल्य. सगळ्या करांची बेरीज 45 टक्के धरली तर वर्षाचं बिल 7,776 रुपये. घराला फरक दोन ठिकाणी पडतो: चौरस मीटरचा दर कमी असतो आणि काही कर लागतच नाहीत.

बिलावरच्या ओळी एकेक करून बघा. सामान्य कर, जललाभ, मलनिःसारण लाभ, अग्निशमन, वृक्ष कर हे महापालिकेचे. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्याचे. महापालिका ते गोळा करून पुढे पाठवते, त्यामुळे ते कमी करणं सभेच्या हातात नाही. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी जागेला असतो. तुमच्या राहत्या घराच्या बिलावर तो दिसला, तर कुणीतरी वापराचा प्रकार चुकीचा नोंदवला आहे. ही चूक पकडायची सगळ्यांत सोपी खूण तीच.

आणखी दोन नेहमीच्या चुका. पहिली, चटई क्षेत्राच्या जागी बांधीव क्षेत्र धरणं. तुमच्या शहरात कोणतं क्षेत्र धरतात ते विचारून करारनाम्यातल्या आकड्याशी ताडा. दुसरी, पोटमाळा पूर्ण मजला म्हणून मोजणं.

मूल्यांकन मान्य नाही. काय करायचं?

वाढीव मूल्यांकनाची विशेष नोटीस येते तेव्हाच हालचाल करा. तिच्यावर हरकतीची 21 दिवसांची मुदत छापलेली असते. हरकत लेखी द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, सोबत मंजूर नकाशा, करारनामा आणि जागेचे फोटो जोडा. "कर फार आहे" ही हरकत टिकत नाही. "क्षेत्र 24 नव्हे, 20 चौरस मीटर आहे" ही टिकते.

सुनावणीत निर्णय विरोधात गेला तर कलम 406 खाली दिवाणी न्यायाधीशांकडे अपील. त्याची मुदत 15 दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. इथंच बरीच अपिलं कोसळतात: लोक रक्कम न भरता जातात, किंवा हरकतीची पायरी गाळून थेट कोर्टात पोचतात.

दोन वर्षं कर भरला नाही. अभय योजनेची वाट बघू का?

कर 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला, अशा दोन हप्त्यांत देय होतो. बिलानंतरची मुदत उलटली की दरमहा 2 टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला 24 टक्के. वरच्या दुकानाचे 7,776 रुपये वर्षभर अडकले तर साधारण 1,866 रुपये नुसती शास्ती. अभय योजनेत माफ होते ती शास्ती, तीही बहुधा पूर्ण नाही. मूळ कर कधीच माफ होत नाही. योजना येईलच याची हमी कुणी देत नाही, तोवर जप्तीचं अधिपत्र (वॉरंट) मात्र निघू शकतं. शिवाय वेळेत भरणाऱ्याला सामान्य करात सवलत मिळते, पुण्यात ती वर्षानुवर्षं मे अखेरपर्यंत भरणाऱ्यांना आहे. नियमित भरणाऱ्यांना अभय योजनांचा राग येतो, आणि तो रास्त आहे.

पदपथावर हातगाडी लावतो. अतिक्रमणविरोधी पथक आलं तर?

2014 चा पथविक्रेता कायदा तुमच्या बाजूनं बरंच काही सांगतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. सर्वेक्षण दर पाच वर्षांत एकदा तरी व्हायला हवं. हटवायचं किंवा दुसऱ्या जागी न्यायचं तर 30 दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर जागेवरच यादी करून सहीची प्रत द्यावी लागते. शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. यादी न घेता गाडी जाऊ देऊ नका. नंतर तुमच्या गाडीत वजनकाटा होता हे तुम्ही कशानं दाखवणार? नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असतात. जागा, झोन, शुल्क यांच्या शिफारशी तिथं होतात, म्हणून तिच्या बैठकीची तारीख ठाऊक हवी.

महापालिका आमच्या घराचा कर घेते. मग घर अधिकृत झालं ना?

नाही. कर वापरावर लागतो, परवानगीवर नाही. उलट 4 जानेवारी 2008 नंतरच्या अनधिकृत बांधकामाला कलम 267अ खाली मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद आहे, आणि ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही असं त्याच कलमात म्हटलं आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये ही शास्ती 2023 मध्ये माफ झाली तेव्हा "घरं नियमित झाली" असा समज पसरला. माफ झाली ती शास्ती. घर घेताना करपावतीच्या आधी मंजूर नकाशा, जोते तपासणी (पाया नकाशाप्रमाणे आहे ना, याचा दाखला) आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. भोगवटा नाही पण कर आणि वीज सुरू आहे, हे विकणाऱ्याचं आवडतं वाक्य आहे.

इमारतीला "धोकादायक" म्हणून नोटीस लागली. लगेच घर सोडायचं?

नोटिशीत कोणती वर्गवारी आहे ते आधी बघा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2बी म्हणजे न सोडता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-1 असेल तर वाद घालत आत राहू नका, सामान हलवा आणि वाद बाहेरून घाला. बाकी तिन्हींत वेळ असतो, पण थोडाच.

तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची संरचना तपासणी करून घेणं ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे आणि ती महापालिकेच्या यादीवरच्या अभियंत्याकडूनच करायची. अहवाल हातात आला की शेवटच्या पानावरच्या निष्कर्षावर थांबू नका. चाचण्या प्रत्यक्ष केल्या आहेत का ते बघा: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कार्बोनेशन, हाफ सेल आणि काँक्रीटचा गाभा काढून केलेली कोअर चाचणी. कोअर कोणत्या खांबातून, कोणत्या मजल्यावर घेतला हे लिहिलेलं हवं. नुसत्या डोळ्यांनी बघून सी-1 ठरवलेला अहवाल, विशेषतः पुनर्विकासाची घाई असलेल्या मालकानं आणलेला, तपासून घेण्यासारखा असतो. रहिवाशांचा अहवाल वेगळा आला तर तांत्रिक सल्लागार समितीकडे दोन्ही पाठवायची मागणी लेखी करा.

घरातल्या घरात ओळखायची खूण: खांबावर किंवा तुळईवर लोखंडाच्या सळीला समांतर, सरळ उभी किंवा आडवी भेग. सळीला गंज चढला की तिचं आकारमान वाढतं आणि वरचं काँक्रीट फुगून सुटतं. त्यावर प्लास्टर मारून रंग दिला की भेग दिसेनाशी होते, गंज आत चालूच राहतो. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या वेड्यावाकड्या रेघा मात्र बहुधा निरुपद्रवी असतात.

भाडेकरूंची मुख्य भीती "इमारत पाडली की हक्क गेला" ही. महापालिकेनं इमारत पाडल्यामुळे भाडेकरार आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं आहे. तरीही बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचं मोजमाप, ताबेदाराचं नाव आणि वापर नोंदलेली महापालिकेची यादी स्वतःच्या हातात घ्या. भाडेपावत्या, वीजबिलं आणि मोजमापाचे फोटो तिला जोडून ठेवा. ढिगारा उचलल्यावर खोली 180 चौरस फुटांची होती की 140, याला दुसरा साक्षीदार नसतो.

महापालिका स्वस्त घर देते का?

थेट फार क्वचित. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत 4,000 चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात 20 टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात; त्यांची सोडत म्हाडा काढते. मुंबईतल्या झोपडपट्टीचं पुनर्वसन स्वतंत्र प्राधिकरणाकडे आहे: 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या पात्र झोपडीधारकाला मोफत, 2011 पर्यंतच्याला सशुल्क. नगरसेवकाच्या चिठ्ठीवर यातलं काहीच मिळत नाही.

घरात डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस आली. पाणी तर स्वच्छ होतं!

म्हणूनच आली. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंडं ते डास हा प्रवास उबदार हवेत सात ते दहा दिवसांत होतो, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात तो यासाठी. पण पाणी ओतून दिलं म्हणजे काम झालं, ही चूक सर्रास होते. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. भांडं काथ्यानं घासूनच कोरडं करायला हवं.

कर्मचारी नेमके कुठं बघतात? फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचं टायर, टाकीचं फुटकं झाकण, लिफ्टच्या तळाचा खड्डा. बांधकामावर स्लॅबवर साठवलेलं पाणी. धुराची फवारणी फक्त उडणारे डास मारते, अळ्यांना तिनं काही होत नाही. सोसायट्या फवारणीसाठी फोन करत बसतात, टाकीच्या झाकणाला मात्र कुणी हात लावत नाही.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे घरी कळतं?

क्लोरीनपुरतं कळतं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. नमुना थेट महापालिकेच्या नळाचा आणि टाकीचा असा वेगवेगळा घ्या. नळाला आहे, टाकीला नाही, तर दोष तुमच्या टाकीत.

टाकी धुऊन झाल्यावर 1,000 लिटरला साधारण 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर: बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ टाकीत ओता, अर्धा तास थांबा. उघड्या पोत्यातली दमट पावडर निकामी असते, कितीही टाका.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा हाच मुद्दा पुढे आला. समाविष्ट गावांत विहिरीचं पाणी पुरवलं जात होतं. आरओ यंत्र क्लोरीनही काढून टाकतं, त्यामुळे त्यानंतर जारमध्ये शिरलेल्या जंतूंना अडवायला काहीच उरत नाही.

खासगी रुग्णालयाची तक्रार महापालिका घेते?

घेते. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली तिच्याकडेच असते. 2021 च्या नियमांनुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. तक्रार वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे द्या, सोबत बिलाची तपशीलवार प्रत. उपचार चुकला की नाही, हे मात्र ते ठरवत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद.

बाळाच्या जन्माची नोंद राहिली.

21 दिवसांत मोफत. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्कासह, वर्षाच्या आत परवानगीनं, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करा, नाव नंतर घालता येतं. बारशासाठी नोंद अडवून ठेवणं ही फुकटची कटकट आहे.

ठरावाची प्रत कुठं मिळेल?

आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर कार्यपत्रिका आणि इतिवृत्त बघा. नसेल तर नगरसचिव कार्यालयात ठराव क्रमांक आणि सभेची तारीख देऊन मागा. तिथंही टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "करवाढीची सर्व माहिती द्या" असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. "अमुक तारखेच्या सभेतील अमुक क्रमांकाचा ठराव, त्यावरील उपसूचना, शासनाकडे पाठवल्याचं पत्र आणि अंमलबजावणी आदेश यांच्या प्रती" असं लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा. ठराव आहे पण अंमलबजावणी आदेश नाही, असं लेखी उत्तर आलं तर तो कागद जपून ठेवा. बिल घेऊन आलेल्या माणसाला तोच दाखवायचा आहे.